पेशींना बोलावणारे प्रथिन : इओटॅक्सिन आणि दम्याचा पंप

रक्त तपासले की रिपोर्टमध्ये एक ओळ हमखास असते : इओसिनोफिल. समोर ९ किंवा १२ असा आकडा दिसतो आणि तो जास्त असल्याची खूण असते. रिपोर्ट घरी आला की कोणी सांगते, "रक्तात अ‍ॅलर्जी उतरली आहे." कोणी म्हणते, "रक्त खराब झाले." मग केमिस्टच्या दुकानातून एखादी गोळी येते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा खोकला सुरू होतो.

वाचकहो, इओसिनोफिल म्हणजे घाण नव्हे आणि रक्त खराब झाल्याचे लक्षणही नव्हे. त्या आपल्याच शरीराच्या पेशी आहेत. त्या चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी गोळा झाल्या की दमा, नाकाची अ‍ॅलर्जी, त्वचेची खाज असे त्रास होऊ शकतात. मग प्रश्न असा की त्यांना तिथे बोलावते कोण? या प्रश्नाचे एक उत्तर ३० वर्षांपूर्वी लंडनच्या प्रयोगशाळेत सापडले. त्याचे नाव इओटॅक्सिन. हे प्रथिन आज जिवाणूंकडून तयार करून घेतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरतात. त्याचा अभ्यास केला की रोजच्या जीवनातली एक महत्त्वाची गोष्ट समजते : दम थांबला तरी रोजचा पंप का थांबवायचा नाही.

१. इओसिनोफिल कोण आहेत?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या पेशीही असतात. पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. इओसिनोफिल हा त्यातला एक. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशी ओळखल्या. इओसिन नावाचा लालसर गुलाबी रंग रक्ताच्या थेंबावर टाकला की या पेशींच्या आतले कण तो रंग शोषून घेतात आणि उठून दिसतात. त्यावरून हे नाव पडले.

या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, काही तास रक्तात फिरतात आणि मग शरीराच्या निरनिराळ्या भागांत शिरतात. त्यांच्या पोटातल्या कणांत तीव्र प्रथिने भरलेली असतात. पोटातले जंत, फायलेरियाचे कृमी अशा मोठ्या शत्रूंविरुद्ध ती उपयोगी पडतात. पण हीच प्रथिने श्वासनलिकेत सांडली तर नलिकेच्या आतले नाजूक अस्तर सोलवटते. मग अस्तर सुजते, चिकट कफ धरतो आणि थोडी धूळ किंवा थंड हवा लागली तरी नळ्या आवळतात. त्यालाच आपण दम लागणे, धाप लागणे, छातीत शिट्टी वाजणे म्हणतो.

सगळ्याच रुग्णांचा दमा इओसिनोफिलमुळे होत नाही. पण लहानपणापासून असलेल्या, अ‍ॅलर्जीच्या दम्यात बहुधा त्यांचा हात असतो.

२. बोलावणे कसे पोहोचते?

पेशींना डोळे नाहीत, कान नाहीत. मग रक्तातून जाणाऱ्या इओसिनोफिलला कसे कळते की फुप्फुसात वळायचे, पायाकडे नाही?

शेजारच्या घरात फोडणी पडली की वास येतो. कोणत्या घरातून येतो हे सांगावे लागत नाही. जवळ जाल तसा वास वाढतो, लांब जाल तसा कमी होतो. पेशींचेही असेच चालते. जिथे काही बिघडले आहे तिथल्या पेशी लहान लहान प्रथिने सोडतात. जागेजवळ त्यांचे प्रमाण जास्त आणि दूर कमी असते. पांढरी पेशी हा चढता फरक ओळखते आणि त्या दिशेने सरकते. असे काम करणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबाला केमोकाइन म्हणतात. माणसाच्या शरीरात सुमारे ५० केमोकाइन आहेत. कोणते कोणाला बोलावते हे बऱ्याच अंशी ठरलेले असते.

बोलावणे ओळखण्यासाठी पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर खास प्रथिने बसवलेली असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. कुलपाला ठरावीक किल्लीच लागते, तसेच ग्राहकाला ठरावीक केमोकाइन लागते. इओसिनोफिलवरच्या मुख्य ग्राहकाचे नाव सीसीआर ३. त्यात बसणारी एक मुख्य किल्ली म्हणजे इओटॅक्सिन. शास्त्रीय यादीत इओटॅक्सिनला सीसीएल ११ असेही म्हणतात.

३. शोध कसा लागला?

दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत इओसिनोफिल गोळा होतात हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. त्यांना ओढणारी इतर काही रसायनेही माहीत होती. पण ती रसायने इतर पांढऱ्या पेशींनाही ओढत. दम्यात इओसिनोफिलच एवढ्या संख्येने का येतात याचा उलगडा होत नव्हता.

लंडनच्या नॅशनल हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमध्ये पीटर जोस, टिमोथी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. त्यांनी गिनीपिग या प्राण्यांना अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण केली. नंतर तेच प्रथिन हुंगवले. फुप्फुसात अ‍ॅलर्जी उसळल्यावर फुप्फुसे मिठाच्या पाण्याने धुऊन ते पाणी जमा केले. बोलावणारा पदार्थ असेल तर तो या पाण्यातच असणार, असा त्यांचा तर्क होता.

हे पाणी त्यांनी दुसऱ्या, अ‍ॅलर्जी नसलेल्या गिनीपिगच्या त्वचेत टोचले. या प्राण्यांच्या रक्तात आधीच किंचित किरणोत्सर्गी खूण केलेले इओसिनोफिल सोडले होते. त्वचेच्या कोणत्या ठिकाणी किती इओसिनोफिल जमले, हे त्या खुणेवरून मोजता आले. मग त्यांनी त्या पाण्यातले घटक एकेक करून वेगळे केले आणि प्रत्येक भाग पुन्हा तपासला. ज्या भागात ओढ होती तो ठेवला, बाकीचे बाजूला सारले. शेवटी हाती आले एक लहानसे प्रथिन. ते इओसिनोफिलना जोरात ओढत होते, पण न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना ओढत नव्हते.

१९९४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. इओसिनोफिलमधला 'इओ' आणि एखाद्या गोष्टीच्या दिशेने सरकणे या अर्थाचा ग्रीक शब्द 'टॅक्सिस' यांवरून प्रथिनाला इओटॅक्सिन नाव मिळाले. १९९६ मध्ये माणसाचे इओटॅक्सिनही संशोधकांनी ओळखले. त्याची माहिती आपल्या १७ व्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. पुढे दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेत इओटॅक्सिनचे प्रमाण वाढलेले असते हेही दिसून आले.

४. जिवाणूंकडून माणसाचे प्रथिन

एखाद्या पदार्थाचा अभ्यास करायचा तर तो शुद्ध आणि पुरेसा हवा. माणसाच्या श्वासनलिकेत इओटॅक्सिन इतके अल्प असते की तिथून काढून अभ्यासाला पुरवणे शक्य नाही. त्याची मोजणी नॅनोग्रॅममध्ये होते. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एकअब्जावा भाग.

यावर उपाय म्हणजे पुनर्संयोजित प्रथिन. इंग्रजीतला शब्द आहे रिकॉम्बिनंट. पद्धत अशी : प्रत्येक प्रथिन बनवण्याची सूचना डीएनएमध्ये लिहिलेली असते. सूचनेच्या त्या तुकड्याला जनुक म्हणतात. माणसाच्या इओटॅक्सिनचे जनुक घ्यायचे आणि डीएनएच्या एका लहान गोल कड्यात जोडायचे. ते कडे ई. कोलाय या जिवाणूत सोडायचे. जिवाणू वाढतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो. त्याला माणूस आणि जिवाणू यांच्या सूचनांतला फरक कळत नाही. आत जी सूचना आहे त्याप्रमाणे तो प्रथिन बनवत राहतो.

इओटॅक्सिन यासाठी सोयीचे आहे, कारण ते लहान आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. तयार इओटॅक्सिनच्या माळेत फक्त ७४ मणी असतात. मानवी पेशी सुरुवातीला ९७ मण्यांची माळ बनवते आणि पहिले २३ मणी कापून टाकते. जिवाणूकडून थेट ७४ मण्यांचीच माळ बनवून घेतात.

पण माळ तयार झाली म्हणजे काम संपले नाही. ती योग्य घडीत दुमडली गेली पाहिजे, नाहीतर किल्ली कुलपात बसणार नाही. जिवाणूच्या आत बरेचदा प्रथिनाचे गोळे होतात. म्हणून जिवाणू फोडून प्रथिन बाहेर काढतात, गोळे उकलून पुन्हा नीट घडी घालायला लावतात आणि इतर प्रथिने वेगळी करतात.

त्यानंतर एक महत्त्वाची तपासणी असते. ई. कोलायच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो स्वतःच दाह निर्माण करतो. शुद्ध केलेल्या प्रथिनात तो उरला तर प्रयोगात पेशी खवळतील आणि संशोधकाला वाटेल की हे इओटॅक्सिनमुळे झाले. म्हणून प्रत्येक खेपेत एंडोटॉक्सिन किती राहिले ते मोजतात.

शेवटी प्रथिन गोठवून सुकवतात. लहानशा कुपीच्या तळाशी पांढरा थर, कधी कधी डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. ही कुपी फ्रीजरमध्ये ठेवतात. तिच्यावर लिहिलेले असते की हे फक्त संशोधनासाठी आहे, उपचारासाठी नाही. हे वाक्य नीट समजून घ्या. हे अ‍ॅलर्जीचे औषध नव्हे. उलट हे अ‍ॅलर्जीच्या पेशींना बोलावणारे प्रथिन आहे.

मात्र याच पद्धतीने बनलेली औषधे आपल्या घरात आली आहेत. जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवण्यात १९७८ मध्ये यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. त्याआधी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. बाळांना मिळणारी कावीळ ब ची लसही अशीच बनते, फक्त तिथे जिवाणूऐवजी यीस्ट वापरतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ही लस भारतात तयार करून बाजारात आणली. आज ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. "जिवाणूपासून बनवलेले" म्हणून बिचकण्याचे कारण नाही. काय बनवले, किती शुद्ध केले आणि कशासाठी तपासले, हे विचारावे.

५. कुपीतल्या प्रथिनाचे काय करतात?

पहिला उपयोग म्हणजे पेशींची चाल पाहणे. १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी यासाठी एक साधे साधन तयार केले. एकावर एक दोन कप्पे आणि मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. छिद्रे इतकी लहान की पेशीला अंग आक्रसूनच त्यातून जावे लागते. वरच्या कप्प्यात इओसिनोफिल ठेवतात, खालच्या कप्प्यात इओटॅक्सिन. काही वेळाने किती पेशी पडदा ओलांडून गेल्या ते मोजतात.

यात संशोधक स्वतःलाच प्रश्न विचारतात. पेशी खरोखर बोलावण्याकडे जात आहेत की नुसत्याच वळवळत आहेत? हे पाहण्यासाठी दोन्ही कप्प्यांत सारखेच इओटॅक्सिन टाकतात. आता वर-खाली फरक राहिला नाही. अशा वेळी पेशी ठरावीक दिशेने जात नाहीत, म्हणजे त्या चढत्या प्रमाणाचाच माग काढत होत्या. खाली इओटॅक्सिन फार वाढवले तरी पेशींची ये-जा कमी होते. घरभर वास कोंदला की तो कुठून येतो ते कळत नाही, तसेच.

दुसरा उपयोग म्हणजे नवे औषध तपासणे. सीसीआर ३ चे कुलूप बंद करणारा एखादा पदार्थ सापडला, तर तो टाकल्यावर पेशी थांबतात का, हे याच साधनात पाहता येते.

तिसरा उपयोग मोजमापाचा. रुग्णाच्या थुंकीत किंवा रक्तात इओटॅक्सिन किती आहे हे मोजायचे तर तुलनेला माहीत असलेले प्रमाण हवे. दुकानदाराच्या तराजूला जसे प्रमाणित वजन लागते, तसे हे शुद्ध प्रथिन प्रयोगशाळेचे वजन ठरते.

६. एकच बोलावणे बंद केले तर?

इतके कळल्यावर सरळ विचार मनात येतो : इओटॅक्सिन अडवा, दमा संपेल. संशोधकांनीही हा विचार केला. पण शरीर इतके सरळ नाही.

१९९७ मध्ये इओटॅक्सिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर अभ्यास झाला. फुप्फुसात येणारे इओसिनोफिल सुरुवातीला कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत. कारण इओटॅक्सिनला भावंडे आहेत. इओटॅक्सिन २ आणि इओटॅक्सिन ३ ही माणसाच्या शरीरातली आणखी दोन प्रथिने त्याच सीसीआर ३ कुलपात बसतात. सीसीआर ३ बंद करणाऱ्या एका गोळीची दम्याच्या रुग्णांवर चाचणी झाली. त्या चाचणीत थुंकीतले इओसिनोफिल कमी झाले नाहीत.

दुसऱ्या वाटेने मात्र यश आले. इओसिनोफिल हाडांच्या मगजात तयार होण्यासाठी इंटरल्युकिन ५ नावाचे प्रथिन लागते. ते अडवणारे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन २०१५ मध्ये अमेरिकेत गंभीर दम्यासाठी मंजूर झाले. ते दर चार आठवड्यांनी घ्यावे लागते आणि खूप महाग आहे. इतर उपचार नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी ते आहे. बहुतेक रुग्णांना त्याची गरज पडत नाही. त्यांच्यासाठीचे औषध तालुक्याच्या गावीही मिळते. ते म्हणजे साधा पंप.

७. दोन पंप, दोन कामे

दम्याच्या औषधांची दोन कामे असतात. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिले काम आवळलेली नळी मोकळी करणे. साल्बुटामॉल हे औषध ते काम काही मिनिटांत करते. धाप थांबते, माणसाला वाटते बरे झालो. पण इओसिनोफिल तिथेच असतात, सूज तशीच असते. बोलावणे चालूच राहते आणि नव्या पेशी येतच राहतात.

दुसरे काम सूज उतरवणे. ते पंपातले स्टिरॉइड करते. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही त्या औषधांची नावे. ते श्वासनलिकेच्या पेशींत शिरून इओटॅक्सिन आणि दाहाची इतर प्रथिने बनवण्याचे काम मंदावते. आधीच आलेले इओसिनोफिलही त्याने कमी होतात. म्हणजे एकाच भावंडाला नव्हे, अनेक बोलावण्यांना एकदम आवर बसतो. पण हे मिनिटांत घडत नाही. त्याला दिवस आणि आठवडे लागतात. म्हणून हा पंप रोज घ्यायचा असतो, दम लागो वा न लागो.

बहुतेक घरांत नेमके उलटे होते. दम लागला की पहिला पंप, बरे वाटले की सगळेच बंद. रोजचा पंप बंद केल्यावर काही दिवस काहीच जाणवत नाही. त्यामुळे वाटते, गरज नव्हतीच. पण आत बोलावणे पुन्हा सुरू झालेले असते. मग एखाद्या रात्री, थंडीत किंवा सर्दीच्या निमित्ताने जोराचा झटका येतो. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना फक्त साल्बुटामॉलसारख्या तात्पुरत्या औषधावर ठेवू नये. काही पंपांत दोन्ही कामांची औषधे एकत्र असतात. आपला पंप कोणता, हे डॉक्टरांना विचारून पंपावर मराठीत चिठ्ठी चिकटवा : "रोजचा" किंवा "दम लागल्यावर". झटक्यासाठी आणि रोजसाठी एकच पंप दिला असेल तर दोन्ही लिहा.

पंपाबद्दल तीन गैरसमज पसरलेले आहेत.

"पंपाची सवय लागते." सवय लागत नाही. आजार दीर्घकाळाचा आहे म्हणून औषध दीर्घकाळाचे आहे. चष्मा रोज लावतो म्हणून त्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही.

"स्टिरॉइड म्हणजे विष." मात्रा पाहा. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. दम्यासाठी दिली जाणारी प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम आणि ती सर्व शरीरभर फिरते. औषधे वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना होत नाही, पण फरक किती मोठा आहे ते समजते. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकले की तोंडात पांढरी बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो. काळजी करायची ती कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्यांची. त्यांत स्टिरॉइड असेल तर महिनोन् महिने घेतल्याने साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, चेहरा सुजणे असे परिणाम होऊ शकतात.

"मुलीला दमा आहे हे कळले तर लग्न जमणार नाही." या भीतीने मुलीचा पंप लपवला जातो, चारचौघांत घेऊ दिला जात नाही. दमा संसर्गजन्य नाही. औषध नीट घेतले तर मुलगी शिकते, नोकरी करते, खेळते, बाळंतपणही सुखरूप होते. लपवलेला पंप झटक्याच्या वेळी हाताशी नसतो. त्यात जीव जातो.

८. आकडा वाढला म्हणजे दमाच असे नाही

रिपोर्टमधला आकडा वाचायला शिकू. टक्केवारी साधारण १ ते ६ असते. पण नुसत्या टक्क्यांवरून ठरवू नका. एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणा. एकूण पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ९ टक्के असतील तर संख्या ७२० होते. एकूण पेशी ४,००० आणि टक्के तेच ९ असतील तर संख्या ३६०. एका मायक्रोलिटर रक्तात ५०० पर्यंत संख्या सर्वसाधारण धरतात. म्हणजे ९ टक्के एकाला जास्त आहेत, दुसऱ्याला नाहीत.

संख्या खरोखर वाढली असेल तर कारण शोधावे लागते. मुलांमध्ये पोटातले जंत हे मोठे कारण आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती चुकवू नका. काही औषधांची प्रतिक्रिया, त्वचेचे आजार, नाकाची अ‍ॅलर्जी यांतही संख्या वाढते.

फायलेरियाचाही असा एक प्रकार आहे आणि त्याची ओळख भारतातूनच झाली. १९४० मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग रुग्णालयातील फ्रिमोड्ट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी क्षयासारखा दिसणारा पण क्षय नसलेला आजार नोंदवला. रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल फार वाढलेले होते. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला उष्ण कटिबंधातील इओसिनोफिलिया असे नाव दिले. फायलेरियाच्या कृमींविरुद्ध शरीराची ही तीव्र प्रतिक्रिया असते, हे पुढे कळले. रात्री खोकला, घरघर, ताप, वजन कमी होणे ही लक्षणे दिसतात आणि इओसिनोफिलची संख्या ३,००० च्या वर जाते. याला दम्याचे नव्हे, फायलेरियाचे औषध लागते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशा फायलेरिया असलेल्या जिल्ह्यांतल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तिथून मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्यांनी आपले मूळ गाव डॉक्टरांना जरूर सांगावे.

आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून क्षय नाही ना, हे पाहा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

९. बोलावण्याचे कारण घरातच असेल तर

श्वासनलिकेचे अस्तर कारणाशिवाय इओटॅक्सिन सोडत नाही. ज्याला ज्याची अ‍ॅलर्जी आहे ते आत गेले की ही साखळी सुरू होते. वस्तीतल्या दाटीच्या घरांत तीन गोष्टी नेहमी आढळतात : गादी-गोधडीतले धुळीचे किडे, झुरळांचे अवशेष आणि ओलसर भिंतीवरची बुरशी. त्यात चुलीचा, अगरबत्तीचा, डासांच्या कॉइलचा आणि विडी-सिगारेटचा धूर आधीच सुजलेल्या नळ्यांना छळतो.

एका खोलीच्या घरात सगळे जमत नाही, हे खरे. पण गोधड्या-उशा आठवड्याला कडक उन्हात टाकता येतात, अभ्रे गरम पाण्यात धुता येतात. कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता येते. रात्री खरकटी भांडी आणि उघडे अन्न ठेवले नाही तर झुरळे कमी होतात. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावता येते. भिंतीत ओल मुरत असेल, शेजारी गटार तुंबत असेल, तर ते एकट्या घराचे काम नाही. त्यासाठी वस्तीने मिळून पालिकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

१०. केव्हा थांबायचे नाही

धापेमुळे एक वाक्य पुरे बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, मूल सुस्त पडते, किंवा दम लागल्यावरचा पंप घेऊनही उतार पडत नाही, तर वाफ, काढा, चोळणे यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठा. वाटेत पंप देत राहा. रुग्णाला आडवे झोपवू नका, बसते ठेवा.

घरी वाचून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. इओसिनोफिल शरीराच्या कोणत्या कामी येतात? तेच दम्यात त्रास का देतात?

२. दोन्ही कप्प्यांत सारखेच इओटॅक्सिन टाकल्यावर पेशी ठरावीक दिशेने का जात नाहीत?

३. प्रयोगशाळेतले इओटॅक्सिन आणि सरकारी दवाखान्यातले इन्सुलिन एकाच पद्धतीने बनतात. मग एक औषध आहे आणि दुसरे का नाही?

४. आपल्या घरातल्या रिपोर्टवरून इओसिनोफिलची संख्या काढून पाहा. टक्केवारी आणि संख्या यांत काय फरक दिसतो?

५. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचे पंप समोर ठेवा. रोजचा कोणता आणि दम लागल्यावरचा कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला सांगता येते का? रोजचा पंप शेवटचा कधी घेतला होता?